पापणी उतरली, की भुवई? शस्त्रक्रियेशिवायचे उपाय नेमके कशावर चालतात

वरची पापणी जड झाली, आयलायनर लावला की घडीत उमटायला लागला, फोटोत कायम झोपमोड झाल्यासारखा चेहरा दिसू लागला, की माणूस थेट उपाय शोधायला लागतो. कुणी क्रीम सुचवतं, कुणी मशीन, कुणी इंजेक्शन. यातले बरेच उपाय आपापल्या जागी खरे आहेत. अडचण अशी की ‘पापणी ओघळली’ या एका तक्रारीमागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. क्वचित उलटाच पडतो. पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

खिडकीचा पडदा डोळ्यांसमोर आणा. कापड सैलावून लोंबू शकतं, वर ओढणारी दोरी ढिली पडू शकते किंवा पडदा ज्यावर टांगलाय ती दांडीच खाली सरकू शकते. इथे कापड म्हणजे पापणीची कातडी, दोरी म्हणजे पापणी उचलणारा स्नायू आणि दांडी म्हणजे भुवई.

पापणीची कातडी ही शरीरातली सर्वांत पातळ कातडी. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. वय, ऊन आणि डोळे चोळण्याची सवय यांनी तिच्यातलं कोलॅजन आणि इलॅस्टिन, म्हणजे कातडी घट्ट आणि लवचिक ठेवणारे धागे, कमी होतात. मग जादा झालेली कातडी नैसर्गिक घडीवरून खाली येते आणि बाहेरच्या कोपऱ्यात पापणीच्या केसांवर टेकते. डॉक्टर याला डर्मॅटोकॅलेसिस म्हणतात.

स्नायूचा प्रकार वेगळा. पापणी उचलणाऱ्या मुख्य स्नायूचं टोक एका पातळ पडद्यासारख्या कंडरेने पापणीला जोडलेलं असतं. वयामुळे, वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याने, सतत डोळे चोळल्याने किंवा डोळ्याच्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतर ही कंडरा ताणली जाते किंवा जागेवरून सुटते. मग कातडी कितीही घट्ट असो, पापणीची कडाच खाली येते. हा टोसिस.

भुवईचं म्हणाल तर तिचा बाहेरचा अर्धा भाग आधी उतरतो, आणि त्यामागे शरीररचनेचं साधं कारण आहे. भुवई वर ओढणारा एकच स्नायू, कपाळाचा, आणि तो भुवईच्या शेपटीपर्यंत पोचतच नाही. खाली ओढणारे स्नायू मात्र तिथेही असतात.

आधी आरशासमोर

उजेडाकडे तोंड करून आरशासमोर बसा. डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा, तळहात कपाळावर हलकेच दाबून धरा आणि आता डोळे उघडा. हात कशासाठी? पापणी जड झालेली माणसं नकळत दिवसभर भुवया उचलून धरतात. कपाळावरच्या आडव्या आठ्या आणि संध्याकाळची डोकेदुखी हा बऱ्याचदा त्याचाच भाग असतो. ही मदत काढून घेतली की पापणी मुळात कुठे आहे ते दिसतं.

मग भुवई बोटाने उचलून हाडाच्या कडेवर, जिथे ती तरुणपणी होती तिथे आणा. एवढ्याने पापणीवरची घडी नाहीशी झाली तर दोष मुख्यतः भुवईचा. भुवई जागेवर असूनही घडी उरली तर जादा कातडी आहे. ती कापसाच्या काडीने अलगद वर सरकवा आणि खालची खरी कडा पाहा.

कडेची उंची मोजायला मोबाइल पुरतो. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत धरून, थेट भिंगाकडे पाहत, फ्लॅशने फोटो काढायला कुणाला तरी सांगा. बाहुलीत फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसेल. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी डोळ्यात ४ ते ५ मिलिमीटर असतं. फोटोत मिलिमीटर कसे मोजणार? बुबुळाचा वापर पट्टीसारखा करायचा. प्रौढ माणसाच्या बुबुळाची आडवी रुंदी जवळपास सगळ्यांची सारखीच, ११.५ ते १२ मिलिमीटर असते. ठिपका ते कडा हे अंतर बुबुळाच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा स्पष्टच कमी भरलं तर स्नायूचा संशय घ्यायचा. एक षष्ठांश, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर वरच्या बाजूची नजर खरोखरच झाकली जातेय.

तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर असू शकतात. पन्नाशीनंतर तर तेच जास्त आढळतं. तरीही सर्वांत जास्त वाटा कशाचा आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

हा सौंदर्याचा प्रश्न नसतो तेव्हा

पापणी काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक पडली असेल, तर ब्यूटी क्लिनिकचा रस्ता धरू नका. सोबत एकाच्या जागी दोन दिसत असतील, बाहुली मोठी झाली असेल किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा डोळा आणि पापणी हलवणाऱ्या मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते. पडलेल्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा बारीक असेल आणि मान दुखत असेल, तर मानेतल्या मुख्य धमनीला आतून चीर गेलेली असू शकते. दोन्ही वेळा त्याच दिवशी, तातडीच्या विभागात.

सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली पापणी हे मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यासाठी तपासणीच्या खोलीत होणारी एक सोपी चाचणी आहे: मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फाची पिशवी ठेवायची. पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त उचलली गेली तर या आजाराचा संशय बळावतो. लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल तर वाट पाहायची नाही, कारण झाकलेल्या डोळ्याची नजर घडतच नाही आणि पुढे तो डोळा आळशी राहतो.

स्नायूसाठी: थेंब

पापणी उचलायला मुख्य स्नायूच्या जोडीला म्युलर नावाचा एक छोटा स्नायूही असतो. तो आपल्या इच्छेने चालत नाही. घाबरल्यावर डोळे विस्फारतात ते त्याच्यामुळे. ऑक्सिमेटाझोलिन ०.१ टक्के हे थेंब त्याला आकुंचन पावायला लावतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये प्रौढांच्या टोसिससाठी हे औषध मंजूर केलं. रोज एक थेंब. पापणी सरासरी १ मिलिमीटरच्या आसपास उचलली जाते आणि परिणाम काही तास टिकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

१ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण अंतर जिथे २.५ मिलिमीटरच उरलंय तिथे ते डोळ्याला जाणवतं आणि आरशातही दिसतं. लेन्स घालत असाल तर त्या काढून थेंब घाला आणि परत घालण्याआधी १५ मिनिटं थांबा. डोळा लाल होणं, कोरडा पडणं, थोडं धूसर दिसणं हे होऊ शकतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसंच बंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. आणखी एक, कारण घरोघरी याच नावाचं औषध नाकासाठी असतं: नाकाचे थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. त्यांची मात्रा आणि बाकीची रसायनं डोळ्यासाठी बनवलेली नसतात.

थेंब एकाच डोळ्यात घातल्यावर दुसरी पापणी किंचित खाली आली तर घाबरू नका. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखीच ताकद मिळते. पडलेली पापणी उचलायला मेंदू दोघींना जास्त जोर देत होता. तो जोर कमी झाला की इतके दिवस चांगली वाटणारी पापणी आपली खरी जागा दाखवते.

जादा कातडीवर या थेंबांचा उपयोग शून्य.

भुवईसाठी: बोटॉक्स, आणि त्याने पापणी पडते ती का

बोटॉक्स काही उचलत नाही, ते स्नायू सैल करतं. त्यामुळे भुवई उचलायची तर तिला खाली ओढणारे स्नायू सैल करायचे: दोन भुवयांच्या मधले आणि डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूचा बाहेरचा वरचा भाग. भुवईच्या शेपटीखाली प्रत्येक बाजूला साधारण २ ते ४ युनिट पुरतात. मधल्या आठ्यांसाठीची ठरलेली मात्रा २० युनिट आहे आणि ती ५ जागी विभागून देतात. फरक ३ ते ५ दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता येतो आणि ३ ते ४ महिने टिकतो. भुवई वर जाते १ ते ३ मिलिमीटर.

बिघडतं ते दोन प्रकारे. पहिला प्रकार फार नेहमीचा आहे आणि टाळता येण्यासारखाही. जड पापणीचा माणूस कपाळावरच्या आठ्या घालवायला जातो. कपाळाचा स्नायू सैल होतो. तोच स्नायू इतकी वर्षं भुवई उचलून धरत होता! आठवडाभरात कपाळ गुळगुळीत होतं आणि डोळे आणखी झाकले जातात. म्हणून वर सांगितलेली कपाळ दाबून पाहण्याची चाचणी इंजेक्शनआधी करायलाच हवी. चाचणीत पापणी बरीच खाली आली तर कपाळाला हात लावायचा नाही, किंवा अगदी थोडं औषध, तेही वरच्या भागात, द्यायचं.

दुसरा प्रकार म्हणजे औषध हाडाच्या कडेखाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचणं. हे टाळायला भुवयांच्या मधल्या स्नायूंची बाहेरची इंजेक्शनं हाडाच्या कडेच्या किमान १ सेंटिमीटर वर देतात, आणि नंतर काही तास ती जागा चोळू नका असं सांगतात. तरीही पापणी पडलीच तर ती साधारण दोन आठवड्यांच्या आत पडते आणि काही आठवड्यांत आपोआप सावरते. तोवर ॲप्राक्लोनिडिन ०.५ टक्के किंवा वरचे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तात्पुरता आधार देतात. बोटॉक्स विरघळवणारं औषध नाही. वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

कातडीसाठी: उष्णता

रेडिओफ्रिक्वेन्सी, लेझर, अल्ट्रासाउंड, प्लाझ्मा पेन. नावं वेगळी, तत्त्व एकच. कातडीच्या आतल्या थराला मोजून इजा करायची. कोलॅजनचे धागे साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला आखडतात आणि पुढचे ३ ते ६ महिने शरीर तिथे नवं कोलॅजन घालत राहतं. म्हणून यांतल्या कुठल्याही उपायाचा खरा निकाल त्याच आठवड्यात कळत नाही. दुसऱ्या दिवशी डोळे टवटवीत दिसतात ती निम्मी सूज असते.

रेडिओफ्रिक्वेन्सीत विजेच्या उच्च वारंवारतेच्या लहरींनी आतला थर तापवतात आणि वरची कातडी साधारण ४० ते ४२ अंशांवर राखतात. यंत्र चालवणारा चांगला असेल तर तो दर काही सेकंदांनी पृष्ठभागाचं तापमान मोजतो आणि ‘किती गरम वाटतंय’ हे तुम्हाला विचारत राहतो. म्हणूनच इथे कातडी पूर्ण बधिर करणं शहाणपणाचं नाही: चटका बसतोय हे सांगणारा पहिला इशारा तुमचीच कातडी देते. खपली धरत नाही, सुट्टी घ्यावी लागत नाही, सावळ्या कातडीलाही डाग पडण्याची भीती लेझरपेक्षा कमी. फायदा मात्र बेताचा. हलकी सैल, बारीक सुरकुत्यांची कातडी घट्ट होते. केसांवर टेकलेली घडी नाहीशी होत नाही. उष्णता खोल जाऊन चरबी वितळली तर डोळे आणखी आत गेल्यासारखे दिसतात, आणि ही चरबी परत येत नाही. पेसमेकर असेल तर हा उपाय नको.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर जास्त जोरकस. तो कातडीत सूक्ष्म छिद्रांची जाळी पाडतो आणि मधली कातडी शाबूत ठेवतो, म्हणजे जखम लवकर भरते. पाच ते दहा दिवस सूज, चिकट द्रव, मग बारीक खपल्या. लाली कित्येक आठवडे. शस्त्रक्रियेविना कातडी आखडण्यात यालाच पहिलं स्थान द्यावं लागेल. किंमत मोजावी लागते ती रंगात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर जखम भरताना तिथे गडद डाग उमटण्याची शक्यता बरीच असते. म्हणून ऊर्जा आणि छिद्रांची दाटी कमी ठेवावी, आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोटा चाचणी ठिपका घ्यावा, नुकतंच उन्हाने रापलेलं असेल तर तारीख पुढे ढकलावी. ओठावर तापाचे फोड (हर्पिस विषाणूचे) येण्याचा इतिहास असेल तर विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू करतात, नाहीतर ताज्या जखमेत तो विषाणू पसरतो.

खालच्या पापणीवर लेझर करायच्या आधी ती बोटाने खाली ओढून सोडून पाहतात. डोळा न मिचकावता ती लगेच जागेवर बसली पाहिजे. हळूहळू सरकत गेली तर ती पापणी आधीच सैल आहे. तिची कातडी आखडली तर कडा बाहेर वळते आणि डोळ्यातून सारखं पाणी यायला लागतं.

आता एक गोष्ट, जी विचारायला संकोचू नये. बुबुळाचं रक्षण कशाने करणार? पापणीवर थेट मशीन चालवायचं तर डोळ्यात भुलीचा थेंब घालून, वंगण मलम लावून, लेन्ससारखं पण मोठं कवच पापण्यांच्या आत बसवावं लागतं. लेझरसाठी ते धातूचं हवं, कारण प्लास्टिक लेझरने वितळू शकतं. रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी ते प्लास्टिकचं हवं, कारण धातूतून वीज वाहते आणि तोच तापतो. दोन्हींसाठी एकच कवच काढून दाखवणाऱ्या किंवा ‘नुसते डोळे मिटा’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं. कवच काढल्यावर मलमामुळे काही वेळ धूसर दिसतं. गाडी स्वतः चालवत घरी जायचं नाही.

केंद्रित अल्ट्रासाउंडचं काम भुवईच्या वर, हाडाचा आधार आहे तिथेच. हे तंत्र भुवई उचलण्यासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झालं. त्याची ऊर्जा १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर एका बिंदूत गोळा होते. पापणीची एकूण जाडीच इतकी कमी की तिच्यावर यंत्राची ही टोकं फिरवली तर तो बिंदू थेट डोळ्यात पडेल. डोळ्याच्या खोबणीच्या आत चालवल्याने मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

प्लाझ्मा पेन विजेच्या छोट्या ठिणगीने कातडीवर टिंबं भाजत जातं. यंत्र लहान आहे, म्हणून ते ब्यूटी पार्लरमध्येही सर्रास दिसतं. धोका मात्र लहान नाही. ठिणगी किती खोल गेली हे पूर्णपणे हातावर अवलंबून, आणि सावळ्या कातडीवर ठिपक्यांचे डाग राहू शकतात.

फिलर

काही डोळे सैल कातडीने नव्हे, तर आतली भर कमी झाल्याने ओघळल्यासारखे दिसतात: भुवईखाली खळगा, घडी उंच गेलेली. तिथे हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली इंजेक्शनने भरायची जेल, खरंच उपयोगी पडतं. भुवईच्या शेपटीखाली हाडालगत थोडं भरलं की तिलाही आधार मिळतो. वरवर भरलं तर निळसर झाक येते, जास्त भरलं तर सकाळी डोळे सुजल्यासारखे दिसतात.

पण या उपायातला खरा धोका रक्तवाहिन्यांचा आहे. भुवई, कपाळ आणि नाकाच्या धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. सुई धमनीत शिरली आणि जोर देऊन फिलर सोडलं, तर ते उलट दिशेने ढकललं जातं आणि जोर काढल्यावर डोळ्याच्या पडद्याकडे वाहून जातं. हे अगदी विरळा घडतं, पण घडलं तर त्या डोळ्याची दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून डोळ्याजवळ कायमस्वरूपी फिलर कधीच नको. हायलुरॉनिक ॲसिड निदान हायलुरॉनिडेज या औषधाने विरघळवता तरी येतं, आणि ते औषध त्याच खोलीत हजर असायला हवं. इंजेक्शन चालू असताना एकदम तीव्र कळ आली, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा कातडी पांढरीफटक पडली, तर तोंडाने ‘थांबा’ म्हणायचं. शिष्टाचार नंतर.

क्रीम, पट्ट्या, सीरम

रेटिनॉइडच्या (अ जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधाच्या) क्रीमने महिनोनमहिने वापरल्यावर बारीक सुरकुत्या कमी होतात. लोंबलेली कातडी वर जात नाही. लावायचं ते मुगाच्या दाण्याएवढं, हाडाच्या कडेवर, आठवड्यातून दोन रात्री सुरुवात करून. पापणीच्या कडेला नको, तिथे ते डोळ्यात उतरतं आणि कोरडेपणा वाढवतं. कॅफीनची जेल सूज काही तास उतरवते, एवढंच. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घेतलं तर डोळे कमी चुरचुरतात.

चिकटपट्ट्या घडी जागेवर धरून ठेवतात आणि संध्याकाळी काढल्या की सगळं पूर्ववत. काढताना मात्र तेल लावून, अलगद. रोज ओरबाडून काढल्या तर पातळ कातडी उलट सैल पडते. खऱ्या टोसिससाठी चष्म्याच्या आत बसवलेला बारीक तारेचा आधारही मिळतो. शस्त्रक्रिया नको असलेल्या वयस्कर माणसांसाठी तो पट्ट्यांपेक्षा किती तरी बरा, फक्त डोळा नीट मिटता येतोय ना आणि कोरडा पडत नाही ना हे पाहावं लागतं.

पापणीचे केस वाढवणारं सीरम वापरत असाल तर डबीवरची घटकांची यादी वाचा. बिमॅटोप्रोस्ट किंवा त्याच जातीचं प्रोस्टाग्लॅन्डिन असेल तर त्याने पापणीखालची चरबी आटू शकते, डोळे आत जाऊ शकतात आणि पापणीही उतरू शकते. इतर उपायांवर खर्च करण्याआधी हे सीरम डॉक्टरांना विचारून बंद करून काही महिने पाहणं जास्त सोपं.

कुठे थांबायचं

वरच्या सगळ्या आकड्यांकडे पाहिलं तर एक गोष्ट दिसते: शस्त्रक्रियेविना हाती लागतात ते १ ते ३ मिलिमीटर. कातडी केसांवर टेकलेली असेल, वरच्या बाजूची नजर अडत असेल, वाचताना हनुवटी वर करावी लागत असेल किंवा ठिपका ते कडा अंतर २ मिलिमीटरच्या खाली असेल, तर मशीनची पाच-सहा सत्रं घेऊन शेवटी डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडेच जावं लागतं. त्यातही वारंवार तापवलेली कातडी आतून चिकटलेली, घट्ट असते आणि सर्जनचं काम अवघड करते.

हलक्या सैलपणावर उपाय करायचा ठरलाच, तर एका वेळी एकच करा. बोटॉक्स आणि रेडिओफ्रिक्वेन्सी एकाच दिवशी घेतली तर फरक कशाने पडला हे कळायला मार्ग उरत नाही. सुरू करण्याआधी एक फोटो काढा: त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, मेकअपशिवाय, कपाळ सैल सोडून. बोटॉक्ससाठी दुसरा फोटो दोन आठवड्यांनी, उष्णतेच्या उपायांसाठी तीन आणि सहा महिन्यांनी. दोन्ही फोटोंत बुबुळाच्या पट्टीने अंतर मोजा आणि पुढच्या सत्राचे पैसे भरायचे की नाही ते त्यावरून ठरवा.